सहा नाईट आणि दोन खोल्या : आयसीयूतल्या एका विवाहित परिचारिकेचं प्रकरण

ओळख पटू नये म्हणून नाव, गाव आणि घरचे काही तपशील बदलले आहेत. एकाच वळणाच्या दोन-तीन प्रकरणांतले धागे इथे एकत्र घेतले आहेत. तारखांऐवजी आठवडे मोजले आहेत; ज्या रात्री चूक होता होता राहिली तो आठवडा ०.

पार्श्वभूमी

रेखा, वय ३४, जीएनएम (परिचर्येची पदविका). अकरा वर्षांची नोकरी, त्यातली सात वर्षं आयसीयूत. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणचं न्यासाचं रुग्णालय, मेडिकल आयसीयू १२ खाटांचा. मॉर्निंग ८ ते २, इव्हिनिंग २ ते ८, नाईट ८ ते ८. नाईट लागली की सलग सहा, मग दोन नाईट ऑफ. कागदावर नाईटला चार सिस्टर. प्रत्यक्षात साधारण निम्म्या रात्री तीनच. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत आयसीयूत दर खाटेमागे एक परिचारिका धरली आहे. इथे एकीच्या वाट्याला चार रुग्ण, त्यातले दोन व्हेंटिलेटरवर, हे रोजचं गणित.

घर म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, रुग्णालयापासून स्कूटीवर ३५ मिनिटं. नवरा एमआयडीसीत सीएनसी ऑपरेटर. त्याची पाळी दर आठवड्याला फिरते : फर्स्ट ७ ते ३, सेकंड ३ ते ११, थर्ड ११ ते ७. मुलगी दुसरीत, शाळा दुपारची. मुलगा तीन वर्षांचा. सासूबाई ६४ वर्षांच्या, त्यांना मधुमेह आणि गुडघेदुखी. घराचा हप्ता रेखाच्या पगारातून जातो, किराणा आणि फी नवऱ्याच्या. पगार तिच्याच खात्यात जमा होतो, एटीएम कार्ड मात्र नवऱ्याच्या पाकिटात असतं. हा शेवटचा तपशील पहिल्या दोन भेटींत कुणी विचारलाच नव्हता.

वॉर्डात तिची ओळख ‘खमकी सिस्टर’ अशी. रेझिलिअन्सला पुस्तकात लवचिकता म्हणतात. वॉर्डात कुणी असं बोलत नाही, तिथे ‘खमकी आहे’ म्हणतात. अवघड रुग्ण, भांडणारे नातेवाईक, नवीन मुलींना शिकवणं, सगळं तिच्याकडे. कुणाची नाईट बदलायची असली की पहिला फोन तिलाच. आधीच्या तीन महिन्यांत तिने ठरल्यापेक्षा अकरा नाईट जास्त केल्या होत्या आणि एकदाही नाही म्हटलं नव्हतं. हे तिचं बळ मानलं गेलं. ती मोडायला आली आहे हे दिसायला उशीर झाला तो या ‘खमकी’पणामुळेच.

काय घडलं

नाईटची पाचवी रात्र, पहाटेचे ४:४०. डायबेटिक कीटोअॅसिडोसिसचा (मधुमेहात रक्तातली साखर आणि आम्ल धोक्याइतकं वाढलेला) रुग्ण, पंपाने हळूहळू जाणाऱ्या इन्शुलिनची सिरिंज संपत आलेली. वॉर्डातली नेहमीची पद्धत : ५० युनिट रेग्युलर इन्शुलिन सलाईनमध्ये मिसळून एकूण ५० मिली, म्हणजे एका मिलीत एक युनिट. एका मिलीत ४० युनिट असलेल्या बाटलीतून ५० युनिट घ्यायचे तर १.२५ मिली काढावं लागतं. हा आकडा तिथल्या प्रत्येकीच्या हातात बसलेला. रेखाने १.२५ मिली काढलं, पण हाताला लागलेली बाटली मिलीत १०० युनिटची होती. सिरिंजमध्ये ५० ऐवजी १२५ युनिट गेले. ताशी ५ युनिटची ऑर्डर होती, रुग्णाला १२.५ मिळाले असते.

शेजारच्या बेडवरच्या सिस्टरने लेबलवर सही करण्याआधी बाटली मोठ्याने वाचली आणि थांबवलं. सिरिंज पंपाला लागली नव्हती, रुग्णाला काहीच झालं नाही. रेखाने सिरिंज फेकली, दुसरी भरली, पुढच्या पाळीला ओव्हर दिली (रुग्णांची माहिती सोपवली), घरी गेली. तिसऱ्या दिवशी इनचार्ज सिस्टरला स्वतः जाऊन सांगितलं आणि सांगताना रडली. अकरा वर्षांत तिला रडताना कुणी पाहिलं नव्हतं.

आधी फ्रिजचं. दोन्ही तीव्रतेच्या बाटल्या एकाच ट्रेमध्ये होत्या, कारण स्टोअरला त्या आठवड्यात ४० ची बाटली कमी पडली होती. पूर्ण झोप झालेली सिस्टरही तिथे चुकली असती. रात्री ३ ते ५ या वेळात तर मेंदू सवयीच्या आकड्यावरच चालतो. त्याच आठवड्यात १०० च्या बाटल्या आयसीयूच्या फ्रिजमधून काढल्या, फ्रिजच्या दारावर ‘४० ची बाटली : १.२५ मिली + सलाईन ४८.७५ मिली’ असा कागद लावला आणि दुसरीने बाटली वाचल्याशिवाय लेबल चिकटवायचं नाही असं ठरवलं. हे काम अर्ध्या तासाचं होतं. रेखाचं प्रकरण त्यानंतर चार महिने चाललं.

पहिला निर्णय : मेमो की बोलणं

प्रशासनाकडून मेमोची भाषा आली. इनचार्ज सिस्टरने मेट्रनला, म्हणजे मुख्य परिचारिकेला, दोन मुद्दे सांगितले. चूक रुग्णापर्यंत गेलेली नाही आणि जिने केली तिनेच सांगितली आहे. यावर मेमो निघाला तर पुढची सिस्टर सांगणार नाही. मेमो टळला, घटना नोंदवहीत नाव न घालता लिहिली गेली.

पण दुसऱ्याच पावलाला गफलत झाली. रुग्णालयाने सगळ्या सिस्टरसाठी ‘ताणमुक्ती आणि सकारात्मक विचार’ असं दोन तासांचं सत्र ठेवलं, दुपारी २ वाजता. रेखाच्या त्या आठवड्यात बदलीच्या दोन नाईट होत्या, सत्र त्यांच्या मधल्या दिवशी आलं. ती सकाळी ८ ला सुटली, घरी गेली, स्वयंपाक केला, १ वाजता परत निघाली, खुर्चीत बसून डुलक्या घेतल्या आणि रात्री ८ ला पुन्हा ड्युटीवर. झोप कमी पडलेल्या बाईची झोप मोडून तिला ताण कसा हाताळायचा ते शिकवलं गेलं. अशी सत्रं अगदीच निरुपयोगी असतात असं नाही. श्वासाचा एक व्यायाम तिने पुढे वापरलाही. पण त्या दिवशी सत्राने घेतलं जास्त, दिलं कमी.

अडचण नेमकी कुठे होती

दुसऱ्या आठवड्यात रुग्णालयाच्या वैद्यकीय समाजसेवा विभागातल्या समुपदेशकाकडे तिला पाठवलं. त्याआधी तिला स्पष्ट विचारलं : इथेच बोलायचं, की बाहेर कुणाकडे? बाहेरच्या समुपदेशकाचा आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकाचा पर्याय दिला. ती म्हणाली इथेच, पण वॉर्डात काही कळता कामा नये. इनचार्ज सिस्टरला फक्त पाळीबद्दलच्या सूचना कळतील, कारणं कळणार नाहीत, असं लेखी ठरलं.

मोजमाप साधंच. ब्रीफ रेझिलिअन्स स्केल, सहा वाक्यं, प्रत्येकाला १ ते ५. तिची सरासरी २.१७ आली, ३ च्या खाली कमी धरतात. पीएचक्यू-९ या नैराश्य मोजणाऱ्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीवर २७ पैकी १४, म्हणजे मध्यम नैराश्याच्या वरच्या टोकाला. त्यातला नववा प्रश्न, जीव देण्याच्या विचारांचा, वेगळा तोंडीही विचारला. उत्तर ‘नाही’ होतं. पण पुढे ती एवढंच म्हणाली, “ती बाई डोळ्यांसमोरून जात नाही.”

ती बाई म्हणजे तीन आठवड्यांपूर्वी विषारी औषध पिऊन आलेली २९ वर्षांची रुग्ण. नऊ दिवस व्हेंटिलेटरवर होती, रेखाने त्यातले सहा दिवस सांभाळलं. तिचाही मुलगा तीन वर्षांचा. ती गेली, दोन तासांत बेड पुन्हा भरला. त्यावर कुणाशी काही बोलणं झालं नव्हतं. हातून चूक झालेल्या उपचारकाला डॉ. अल्बर्ट वू यांनी २००० मध्ये ‘सेकंड व्हिक्टिम’, म्हणजे दुसरा बळी म्हटलं; पुढे रुग्ण गमावलेल्यांसाठीही हा शब्द वापरला जाऊ लागला. रेखा तीन आठवड्यांत दोन्ही वाटांनी तिथे पोचली होती. इन्शुलिनच्या प्रसंगानंतर ती प्रत्येक औषध चार-पाच वेळा तपासू लागली, राउंडच्या आधी तिचं काम उरकेना, आणि काम उरकत नाही म्हणून ती स्वतःवर चिडायची.

मग झोपेची डायरी. १४ दिवस, साध्या वहीत : अंथरुणावर कधी, झोप कधी लागली, कशाने मोडली. नाईटच्या दिवसांतलं एक पान असं :

सकाळी ८:५० घरी. मुलाला आंघोळ, मुलीचा डबा, भाजी-भात, मुलगी ११:४० ला शाळेच्या रिक्षात. १२:४० ला झोप. १:२० कुकरच्या शिट्ट्या (सासूबाईंनी डाळ लावली). पुन्हा झोप. २:१५ मुलगा उठवतो. ४:२० पुन्हा आडवी. ५:३० मुलगी घरी. ७:१० ला निघाली.

शिट्ट्या वजा न करताही पावणेतीन तास. सहा दिवसांची सरासरी तीन तास दहा मिनिटं. पाचव्या रात्रीपर्यंत पोचताना तिची निदान पंधरा तासांची झोप बुडालेली असायची. घरी येताना एका सिग्नलला स्कूटीवर डोळा लागल्याचं तिने सहज सांगून टाकलं, जणू पेट्रोल संपल्याचं सांगावं तसं.

ग्रीनहाऊस आणि ब्युटेल यांनी १९८५ मध्ये नोकरी आणि घर यांच्यातल्या ओढाताणीचे तीन प्रकार मांडले : वेळेची, ताणाची आणि वागण्याची. रेखाकडे तिन्ही होत्या आणि तिसरी सगळ्यात कमी लक्षात येते. आयसीयूत कमी बोलणं, चेहऱ्यावर काही दिसू न देणं, पटापट हुकूम सोडणं हे चांगल्या सिस्टरचं लक्षण. तीच बाई तासाभराने घरात शिरते. नवऱ्याचं म्हणणं पुढे असं आलं : “ही घरी आली की तोंडातून शब्द काढत नाही. काढला तर आम्ही सगळे हिचे ट्रेनी असल्यासारखा.”

मानसिक बाजूला एक समजूत खोल बसलेली होती : दिवसा झोपणारी बाई आळशी. हे तिला कुणी रोज ऐकवत नव्हतं. सासूबाई “बाई घरात असून पोरगं शेजाऱ्यांकडे” असं एकदाच म्हणाल्या होत्या, पण ती ते रोज ऐकत होती. नवऱ्याने मुलाला आंघोळ घातली तर ती पुन्हा कान पुसायची, डबा भरला तर पुन्हा उघडून बघायची. मदत मिळत नाही ही तक्रार खरी होती. मिळालेली मदत ती परतवून लावते, हेही खरं होतं.

दुसरा निर्णय : नवऱ्याला बोलवायचं का

इथे सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि जायलाच हवा होता. रुग्णालय हे कामाचं ठिकाण आहे, त्याने कर्मचाऱ्याच्या संसारात पडावं का? इनचार्ज सिस्टरचा कल ‘घरच्यांना बोलावून समजवू’ असा होता. समुपदेशकाने अडवलं. बोलवायचं की नाही हे रेखाने ठरवायचं. आणि त्याआधी तिला एकटीला, दार लावून, तीन प्रश्न विचारायचे. घरात कुणी हात उचलतं का? पैसे, फोन, माहेरी जाणं यांवर कुणाची बंदी आहे का? घरी जायची भीती वाटते का?

यांतल्या पहिल्या किंवा तिसऱ्या प्रश्नाला ‘हो’ आलं असतं तर एकत्र बैठक झालीच नसती. मारणाऱ्या माणसासमोर बाईला मन मोकळं करायला सांगणं म्हणजे तिला रात्री मार खायला पाठवणं. तिथे मार्ग वेगळा : सुरक्षेची आखणी, आणि तिची इच्छा असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्याशी गाठ.

रेखाची पहिली आणि तिसरी उत्तरं ‘नाही’ होती. दुसऱ्यावर ती थबकली. एटीएम कार्ड नवऱ्याकडे असतं. आणि दोन महिन्यांपूर्वी नाईटला डॉक्टरचे फोन का येतात म्हणून त्याने तिचा फोन उघडून पाहिला होता. “त्यात काही सापडणार नव्हतं, म्हणून मी बघू दिलं.” हे वाक्य डायरीतल्या पावणेतीन तासांइतकंच महत्त्वाचं. ती ते किरकोळ समजत होती. समुपदेशकाने तसं समजू दिलं नाही, पण त्याला हिंसा असं लेबलही चिकटवलं नाही. बैठकीत हा विषय काढायचा की नाही ते तिच्यावर सोडलं. तिने दुसऱ्या बैठकीसाठी राखून ठेवला.

पर्याय काय होते

एक, कायमची मॉर्निंग ड्युटी. नवऱ्याला हेच हवं होतं, त्याने तसा फोनही केला होता. पण बारा खाटांच्या आयसीयूत एकीला नाईट माफ म्हणजे बाकीच्यांवर तेवढ्या जास्त. रेखालाही नको होतं. नाईट अलाउन्स बुडाला असता आणि ‘घरच्यांनी सोडवलेली’ हा शिक्का बसला असता. तीन आठवड्यांपुरती नाईट बंद, एवढंच ठरलं.

दोन, ओपीडीत बदली. एखादीच्या बाबतीत हेच योग्य असतं. इथे तिचं आयसीयूतलं कौशल्य हाच तिचा सगळ्यात मोठा आधार होता. त्याला हात लावला तर तिच्याकडे काय उरणार, असा प्रश्न निघाला आणि पर्याय बाजूला पडला.

तीन, रजा. राज्य सरकारी महिला कर्मचाऱ्यांना २०१८ पासून १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे, न्यासाच्या रुग्णालयाला ती लागू नाही. अर्जित रजा ३१ दिवस शिल्लक होती. लांब रजेने झोप भरून निघाली असती, पण परतल्यावर तेच घर आणि तोच तक्ता.

चार, नोकरी सोडणं. “सोडून दे, मी आहे ना,” असं नवरा अनेकदा म्हणाला होता आणि मनापासून म्हणाला होता. रेखाला ते हाकलल्यासारखं वाटायचं. जोडपी ताण एकत्र कसा पेलतात यावर गाय बोडेनमान यांचं मोठं काम आहे. जोडीदाराचा आधार कधी कधी समोरच्याला उणा का पडतो, हे त्यातून नीट कळतं. इथे ‘सोडून दे’ म्हटलं की बोलणं संपायचं. त्या रात्री काय झालं हे कुणी विचारायचं नाही. आणि हप्ता तिच्या पगारातून जात होता, त्यामुळे ते वाक्य दोघांनाही पोकळ आहे हे ठाऊक होतं.

पाच, दोघांच्या पाळ्या एकमेकींना जुळवणं. हा पर्याय कुणाला सुचला नव्हता, कारण दोन्ही तक्ते एका टेबलावर कधी आलेच नव्हते.

काय केलं

समुपदेशकाबरोबर ४० मिनिटांच्या सहा भेटी. त्यांत नऊ दिवस व्हेंटिलेटरवर असलेल्या त्या रुग्णाबद्दल एकदा सविस्तर बोलणं, औषध तपासण्याची संख्या पाचावरून दोनवर आणणं (एकदा स्वतः, एकदा दुसरीबरोबर, तिसऱ्यांदा हात मागे), आणि बदली नाईटला नाही म्हणण्याचा सराव. वाक्य ठरवून दिलं : “या आठवड्यात जमणार नाही, इनचार्ज सिस्टरना विचार.” कारण द्यायचं नाही; कारण दिलं की वाटाघाट सुरू होते.

नवऱ्याबरोबर ५० मिनिटांच्या तीन बैठका. पहिलीत समुपदेशकाने झोपेच्या डायरीचं पान त्याच्यासमोर ठेवलं. तो बराच वेळ बघत राहिला. मग विचारलं, “हे रोजचं आहे?” त्याच्या मशीनवर इतकी झोप घेऊन माणूस आला तर सुपरवायझर आत सोडत नाही, हे तो स्वतःच म्हणाला. पुढची दहा मिनिटं कुणाला काही समजवावं लागलं नाही.

दुसरीत फोनचा विषय निघाला, रेखाने काढला. तो चिडला, मग म्हणाला, “तिथं काय चालतं ते ही सांगतच नाही, मग डोकं चालतं.” फोन पुन्हा उघडणार नाही हे त्याने मान्य केलं. त्याच्या या खुलाशाने फोन उघडणं क्षम्य ठरत नाही, हे समुपदेशकाने तिथेच सांगितलं. पण तुटलेलं बोलणं कुठून जोडायचं तेही त्यातून कळलं. त्यातून घरची ‘ओव्हर’ निघाली. वॉर्डात पाळी बदलताना जशी बेडवार ओव्हर देतात, तशी घरात दहा मिनिटं, चहासोबत. तो सांगणार : कोण जेवलं, कुणाला ताप, शाळेची चिठ्ठी, सासूबाईंची साखर. ती सांगणार : रात्र कशी गेली, एका वाक्यात, रुग्णाचं नाव-गाव न घेता. पहिल्या आठवड्यात हे फसलं. ती उलटतपासणी घेऊ लागली आणि तो म्हणाला मी काही तुझा स्टुडंट नाही. मग नियम झाला : ओव्हर घेणाऱ्याने प्रश्न एकच विचारायचा.

घरकामाची यादी ‘मदत’ या शब्दाशिवाय केली. नाईटच्या सहा दिवसांत मुलाची आंघोळ, डबा आणि रिक्षापर्यंत सोडणं नवऱ्याचं. ती ते तपासणार नाही. भांडी-धुण्याला सहा दिवसांपुरती बाई. याला सासूबाईंचा विरोध होता, पैशापेक्षा ‘लोक काय म्हणतील’ यासाठी. त्यांना बैठकीला बोलावलं नव्हतं, ही चूक पुढे भोवली.

तक्ते जुळवताना काय बिनसलं

दोघांच्या पाळ्या एका कागदावर मांडल्या. नवऱ्याची पाळी तीन आठवड्यांनी फिरून येते, म्हणून रेखाची नाईटही दर तीन आठवड्यांनी एकदा, ठरलेल्या आठवड्यात, असं इनचार्ज सिस्टरने मान्य केलं. आठवडा कोणता? सगळ्यांचं एकमत : त्याची फर्स्ट असेल तेव्हा. रात्री तो घरी, मुलं बापाजवळ, सासूबाईंना काळजी नाही.

चौथ्या आठवड्यात तसं केलं आणि सरासरी झोप आली तीन तास चाळीस मिनिटं. अर्ध्या तासाचा फरक, बस. कारण साधं होतं, कागदावर मात्र कुणाला दिसलं नाही. तो सकाळी साडेसहाला निघून जायचा. रेखा पावणेनऊला आली की घर पुन्हा तिच्या गळ्यात. तिची झोपायची वेळ सकाळची आणि त्याची घरी असण्याची वेळ रात्रीची. तो साडेतीनला यायचा तोवर झोपेची गाडी निघून गेलेली.

म्हणून आठव्या आठवड्यापासून नाईट त्याच्या सेकंडच्या आठवड्यात. तो सकाळी घरी असतो, सव्वादोनपर्यंत. रेखा आली की चहा, ओव्हर, आणि ९:३० ते २ आतली खोली बंद. खिडकीला जाड गोधडी, फोन सासूबाईंच्या खोलीत, कुकर १० च्या आत किंवा २ नंतर. संध्याकाळी ५:४५ ते ६:४५ पुन्हा तासभर पडायचं. पहाटे ४ नंतर चहा बंद. रात्री सातपासून साडेअकरापर्यंत मुलं सासूबाईंजवळ, ही या मांडणीची कमकुवत बाजू.

वॉर्डात २ ते ४ च्या दरम्यान आळीपाळीने अर्ध्या तासाची डुलकी, अलार्म लावून, उठल्यावर दहा मिनिटं औषधाला हात नाही. चार सिस्टर असल्या तर जमायचं. तीन असल्या तर नाही, आणि सहापैकी दोन-तीन रात्री तीनच असायच्या. सकाळी स्कूटीऐवजी शेअर रिक्षा, हेही निम्म्याच वेळा पाळलं गेलं.

पाचव्या आठवड्यात एक गोष्ट अचानक हाती लागली. कर्मचाऱ्यांच्या वार्षिक तपासणीत तिचं हिमोग्लोबिन ९.४ आलं. मासिक पाळीत रक्त जास्त जातं हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. थायरॉइड ठीक. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे तपासणी आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. थकवा, धाप, चिडचिड, एकाग्रता नाही : ज्याला आपण पाच आठवडे मनाचा थकवा म्हणत होतो, त्यातला काही भाग रक्तातला होता.

अकराव्या आठवड्यात मांडणी कोसळली. सासूबाई जत्रेला गावी गेल्या आणि ठरलेल्या दिवशी परतल्या नाहीत. सात ते साडेअकरा मुलांजवळ कुणी नाही. नवऱ्याने दोन दिवस सोबत्याशी पाळी बदलली, रेखाने दोन किरकोळ रजा टाकल्या. सासूबाई का थांबल्या ते नंतर कळलं : “मला कुणी विचारलं होतं का? तक्त्यात माझं नाव तेवढं घातलंत.” त्यांचं बरोबर होतं. त्यानंतर त्यांना नाईटनंतरचे दोन दिवस पूर्ण मोकळे दिले, आणि भांडी-धुण्याची बाई कधी यायची ते त्याच ठरवू लागल्या. लोक काय म्हणतील हा प्रश्न पुन्हा निघाला नाही.

१६ आठवड्यांनी

नाईटच्या दिवसांतली सरासरी झोप साधारण पाच तास. पीएचक्यू-९ चौदावरून सहावर. ब्रीफ रेझिलिअन्स स्केल ३.३३. हिमोग्लोबिन ११.१. बदली नाईट आठ आठवड्यांत एकच, तीही तिने स्वतः मागितलेली.

यातलं किती लोहाच्या गोळ्यांचं, किती झोपेचं, किती बोलण्याचं, हे एका प्रकरणातून वेगळं काढता येत नाही. एवढं दिसतं की सुरुवातीच्या सत्रानंतर, दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात, २.१७ चा आकडा जागचा हलला नव्हता. चौथ्या आठवड्याच्या अपयशानंतर तो २ वर घसरला. आठव्याच्या नाईटनंतर पहिल्यांदा वर गेला.

न सुधारलेलंही लिहायला हवं. एटीएम कार्ड अजून नवऱ्याकडेच आहे; रेखाने “आत्ता नको” म्हटलं आणि समुपदेशकाने रेटलं नाही. शरीरसंबंधांबद्दल दोघांची तक्रार होती, ती तिसऱ्या बैठकीत शेवटच्या पाच मिनिटांत निघाली आणि तिथेच राहिली. वॉर्डात अजून निम्म्या रात्री तीनच सिस्टर असतात.

पुन्हा करायचं झालं तर

रक्ततपासणी पहिल्या आठवड्यात. विवाहित, मुलं असलेली, नाईट करणारी परिचारिका थकली म्हणून आली की हिमोग्लोबिन आणि थायरॉइड आधी, प्रश्नावली नंतर. पैशाचा प्रश्न पहिल्याच भेटीत, एकटीला विचारायचा. रुग्ण गेल्यावर त्याच पाळीत दहा मिनिटं बसून बोलायची सोय हवी. ती बाई डोळ्यांसमोर घेऊन रेखाने नाईट केल्या, हे टाळता आलं असतं. जिच्या भरवशावर तक्ता उभा आहे त्या सासूबाईंना तक्ता मांडतानाच बसवायचं. आणि पाळ्या जुळवताना ‘रात्री घरी कोण’ याच्या आधी ‘सकाळी साडेनऊला घरी कोण’ हे विचारायचं.

एक मुद्दा अजून वादाचाच आहे. समुपदेशक रुग्णालयाच्याच पगारावर, त्यामुळे रेखाने काही गोष्टी झाकल्या असतील ही शक्यता राहते. बाहेरचा माणूस असता तर फोनचा विषय लवकर निघाला असता; पण मग दोन तक्ते एका टेबलावर आणायला इनचार्ज सिस्टरपर्यंत पोचणार कोण, याचं उत्तर मिळालेलं नाही.

सतराव्या आठवड्यात नवऱ्याने ओव्हरमध्ये सांगितलं की कंपनी पुढच्या महिन्यापासून थर्ड शिफ्ट बंद करते आहे, फक्त फर्स्ट आणि सेकंड राहणार. म्हणजे त्याची सेकंड दर दोन आठवड्यांनी येणार आणि तीन आठवड्यांचा मेळ मोडणार. रेखाने त्याच दिवशी इनचार्ज सिस्टरकडे पुढच्या दोन महिन्यांचा कोरा तक्ता मागितला. या वेळी कागद घेऊन बसले ते सासूबाईंसह तिघं.